ऑर्गनखालचे बूट

ख्रिस्तात प्रिय,

सप्रेम सलाम. तुझं पत्र मिळालं. १ जुलैपासून अमेरिकेतल्या ओहायोतली ती मेथडिस्ट मंडळी पाळक म्हणून तुझ्याकडे आली. निम्मे बाक रिकामे, आणि समलिंगी व्यक्तींच्या प्रश्नावरून चर्चमध्ये फूट पडली त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, असं तू लिहिलंस. मी अशाच एका मंडळीचा पाळक होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे नीट समजून घे, कारण ते फसवतात. १९७२ साली अटलांटाच्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेत, युनायटेड मेथडिस्ट चर्चने आपल्या नियमावलीत लिहिलं की समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे. पुढे जवळपास प्रत्येक कॉन्फरन्सला त्यावरून खडाजंगी झाली. २०१९ मध्ये सेंट लुईसला हा नियम राखू पाहणारी परंपरावादी बाजू ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी जिंकली. गंमत नव्हे, दुःख असं की नंतर बाहेर पडल्या त्या बहुतेक जिंकलेल्या बाजूच्याच मंडळ्या. कागदावरचा नियम कुणी पाळेल यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. २०२३ अखेरपर्यंत साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या गेल्या. अमेरिकेतल्या साधारण चारातली एक. मग २०२४ मध्ये शार्लटला समलिंगी व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा देण्यावरची बंदी उठली ती ६९२ विरुद्ध ५१ मतांनी. मला त्या निर्णयाचा आनंद झाला, आजही आहे. पण सगळ्यांचं मन बदललं असा त्या आकड्याचा अर्थ लावू नकोस. विरोधात हात वर करणारे पुष्कळजण तोवर निघून गेले होते.

तुझ्याकडचे लोक एकीबद्दल फार बोलतील. एकी म्हटली की तिची किंमत कोण मोजतंय ते बघायचं, हे मी याच चर्चच्या इतिहासातून शिकलो. १८४४ मध्ये न्यूयॉर्कला वाद झाला तो जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडच्या गुलामांवरून. दक्षिणेचं चर्च वेगळं झालं. १९३९ मध्ये पुन्हा मिलाफ झाला, पण त्यासाठी कृष्णवर्णीयांच्या मंडळ्या ‘सेंट्रल ज्युरिस्डिक्शन’ नावाच्या वेगळ्या विभागात टाकल्या गेल्या. गोऱ्यांची दिलजमाई झाली आणि काळ्यांना पंगतीत वेगळं बसवलं गेलं. आपल्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही पंगत समजावून सांगावी लागत नाही. ती व्यवस्था १९६८ साली गेली. आणि तू बाई असून आज वेदीपाशी उभी राहतेस ती बायकांना पूर्ण पाळकपद देणाऱ्या १९५६ च्या ठरावामुळे. त्याआधी बायकांच्या विरोधातही शास्त्रवचनंच काढली जात होती. म्हणून कुणी वचन पुढे केलं तर चिडू नकोस, त्याच्याबरोबर बसून अख्खा अध्याय वाच.

मालमत्तेचं कलमही वाचून ठेव. मेथडिस्ट मंडळीची इमारत पूर्ण चर्चच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळलेली असते. बाहेर पडणाऱ्यांना दोन वर्षांचा वर्गणीचा वाटा आणि पाळकांच्या पेन्शनची देणी भरावी लागत होती. मिशन कंपाउंडच्या जमिनींवरून आपल्याकडे चाललेले खटले तू लहानपणापासून ऐकले आहेस. १९७० साली नागपुरात सहा चर्च मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं आणि अमेरिकन परंपरेचे आपले मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, म्हणून तर तुझ्या आईचं माहेर एका चर्चमध्ये आणि सासर दुसऱ्यात.

आता माझी चूक सांगतो. आमच्या मंडळीत युनायटेड मेथडिस्ट चर्च सोडायचं का यावर मतदान झालं २०२२ च्या नोव्हेंबरात, उपासनेनंतर, खालच्या हॉलमध्ये. ८४ जण हजर होते. बाहेर पडायला दोन-तृतीयांश, म्हणजे ५६ मतं हवी होती. ५५ पडली. आकडा वाचून झाला तेव्हा कॉफीच्या भांड्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला राहायचं होतं, त्यामुळे माझा जीव भांड्यात पडला. पण ५५ माणसं हरली होती, आणि बहुमत त्यांचं होतं. मी घरी जाऊन पुढच्या रविवारचा संदेश लिहायला बसलो. त्यांच्यापैकी एकाच्याही दारी गेलो नाही.

तिसऱ्या आठवड्यात ऑर्गनखाली एक काळा जोड दिसला. पायांनी वाजवायच्या पट्ट्यांसाठी पातळ तळव्याचे बूट लागतात, ते. ज्या बाई ते घालून ४१ वर्षं वाजवत होत्या, त्या मतदानानंतर आल्याच नव्हत्या. बूट पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडून त्यांनी पिशवीत पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही पहिल्याच आठवड्यात याल असं वाटलं होतं.” मग आत बोलावलं. त्यांचा भाचा समलिंगी आहे, नाताळला तो आणि त्याचा जोडीदार त्यांच्याकडेच जेवतात, हे मला पाच वर्षांत ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी बाहेर पडण्याच्याच बाजूने मत दिलं होतं. वडिलांनी शिकवलेलं शास्त्र मोडवेना. भाच्याचं नाव घेताना त्यांचे हात थरथरत होते. परिषदांमध्ये इतकी वर्षं मी ज्यांना ‘दुसरी बाजू’ म्हणत आलो, त्यांच्यातलं कुणी माझ्यापुढे असं कधी बसलंच नव्हतं.

तुझ्या ऑफिसच्या कपाटात सभासदांची जुनी नोंदवही असेल. पहिल्याच आठवड्यात ती काढ आणि गेलेल्यांची नावं वहीत उतरवून घे. ते आता ज्या मंडळीत जातात तिथल्या पाळकांना आधी फोन कर, चोरून जाऊ नकोस. परत या, असंही म्हणू नकोस. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी मरण झालं, एवढं विचार आणि ते म्हणाले तरच प्रार्थना कर. पहिल्या भेटीनंतर मला कळव. संध्याकाळी मी घरीच असतो.

ख्रिस्तात तुझा