रोमन चांदीच्या नाण्यांवर पुढे राणी आणि मागच्या बाजूला देवी असते, ती देवी म्हणजे राणीच का? आणि पहिलं नाणं कुणाचं घ्यावं?

थोरल्या फाउस्टिनाचं घ्या, म्हणजे रोमन सम्राट अँटोनायनस पायसच्या राणीचं. 'राण्यांची नाणी दुय्यम असतात असं ऐकलंय' असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून मुद्दाम लिहायला बसले. हेच वाक्य माझा दादा मला कित्येक वर्षं ऐकवतोय.

दादा फक्त सम्राटांची नाणी जमवतो. लंडनला आल्यावर मी पहिला दिनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, घेतला तो फाउस्टिनाचा. सव्वातीन ग्रॅमचा, आपल्या रुपयाहून लहान. वेण्या डोक्यावर गुंडाळून बांधलेला अंबाडा, भोवती 'दिवा फाउस्टिना', म्हणजे देवत्व पावलेली फाउस्टिना. मागे धान्याची देवी सेरेस, एका हातात मशाल, दुसऱ्यात कणसं. भिंगातून कणसांचे दाणे दिसायचे. चांदीवर जांभळट काळी झाक होती.

त्या दिवाळीला दादा आला होता. लक्ष्मीपूजनात ठेवायला मी नाणं काढून दिलं, तर याने टूथपेस्ट लावून ब्रशने खसाखसा घासलं. झाक गेली, दाणे गेले, उरली नुसती पांढरी चकाकी. मी रडायला लागले तर म्हणतो, "बाईचंच तर आहे, सम्राटाचं थोडंच होतं!"

फाउस्टिना इ.स. 140च्या सुमारास वारली. नवरा अँटोनायनस पायस 161 पर्यंत राज्यावर होता आणि तिच्यामागे कित्येक वर्षं तिची नाणी पाडत राहिला. रोमच्या फोरममधलं, म्हणजे मुख्य चौकातलं, देऊळ आधी तिचं. नवऱ्याचं नाव तो गेल्यावर त्यावर चढलं. नाणी भरपूर पाडली गेली म्हणून आज स्वस्तात मिळतात. यात दुय्यम काय आहे?

मागची देवी म्हणजे राणीच, असं सरसकट नसतं. राणीला त्या देवीच्या पंक्तीला बसवलेलं असतं. धाकट्या फाउस्टिनाला, म्हणजे थोरलीच्या मुलीला, डझनाहून जास्त मुलं झाली, तिच्या नाण्यांवर लेकरं घेतलेली फेकुंडितास, म्हणजे सुफलता, येते. नंतरच्या सम्राट सेप्टिमियस सेव्हरसची राणी ज्युलिया डोम्ना, तिच्या नाण्यांमागे प्रेमाची देवी व्हीनस, चुलीची देवी व्हेस्टा, अगदी इजिप्तची देवी इसिससुद्धा. पण डोम्नाच्या काळात नाण्यातली चांदी निम्म्यावर आली होती, हे घेताना लक्षात ठेवा.

नकली नाणी खूप आहेत, ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. भारतात घेतलंत तर बाहेर नेता येणार नाही, पुराणवस्तूंचा 1972चा कायदा आहे. आणि घरी कुणी सम्राटांचा भक्त असेल, तर नाणं कुलपात ठेवा. माझं आता कुलपातच असतं.