कोपनहेगनला येताय आणि बोफेलेस्कॅबमध्ये राहायचंय, तर थोडं सविस्तर

तुम्ही विचारलंय की पुण्याहून तुम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी नोकरीनिमित्त कोपनहेगनला येताय, इथल्या बोफेलेस्कॅबबद्दल ऐकलंय, म्हणजे प्रत्येकाचं घर वेगळं पण स्वयंपाकघर, जेवणाचा हॉल, वर्कशॉप सगळ्यांचं मिळून, तर आल्या आल्या तिथेच घर मिळेल का, शाकाहारी माणसाचं जमतं का, प्रायव्हसी राहते का, आणि आईबाबा आले तर काय. मी बरीच वर्षं इथे आहे आणि त्यातला मोठा काळ अशाच एका वस्तीत राहतेय, म्हणून नीट लिहिते.

आधी उत्तर देऊन टाकते. राहा, जरूर राहा, लहान मूल असेल तर डेन्मार्कमध्ये यासारखी जागा नाही असं मला मनापासून वाटतं. पण उतरल्या उतरल्या नको. पहिलं वर्षभर साधा फ्लॅट भाड्याने घ्या आणि त्या वर्षात दोन-तीन बोफेलेस्कॅबमध्ये जाऊन जेवा, भांडी घासा, लोकांना भेटा. कारण इथे घराइतकंच तिथलं काम आणि तिथली माणसं पण घेताय, आणि ते फोटो बघून ठरवता येत नाही.

थोडा इतिहास सांगते, कारण त्यावरून ही जागा कशासाठी बनली ते कळतं. यान गुडमन-होयर नावाच्या आर्किटेक्टने १९६४ मध्ये काही मित्रकुटुंबं जमवली, कोपनहेगनच्या बाहेर हारेस्कोवला जमीनसुद्धा घेतली, पण शेजाऱ्यांनी विरोध केला, त्यांना भीती काय तर इतकी पोरं आली की आवाज होईल! तो प्लॅन बारगळला. मग १९६७ मध्ये बोडिल ग्रो या बाईंनी पेपरात लेख लिहिला, मुलांना शंभर आईबाप असावेत अशा अर्थाचा, तो वाचून खूप लोक पुढे आले, आणि त्यातून १९७२ मध्ये हिलेरोडजवळ सेट्टेडामेन उभं राहिलं, २७ घरांचं. पुढच्याच वर्षी गुडमन-होयरच्या ग्रुपचं स्क्रोप्लानेट झालं, ३३ घरं. म्हणजे सुरुवातीपासून मूळ मुद्दा मुलं आणि एकटेपणा हाच आहे, पैसे वाचवणं हा नाही. स्वस्तात घर मिळेल या हिशोबाने कोणी येत असेल तर त्याची निराशा होईल.

आता प्रायव्हसीचं. तुम्हाला वाड्यासारखं किंवा चाळीसारखं असेल अशी धास्ती वाटतेय, तर तसं नाहीये, प्रत्येक घराला स्वतःचं पूर्ण किचन, बाथरूम, दार, मागे छोटी बाग असते. घर जरा लहान ठेवतात आणि ती वाचलेली जागा कॉमन हाऊसमध्ये घालतात, त्याला इथे फेलेसहूस म्हणतात. गाड्या वस्तीच्या कडेला उभ्या, आत फक्त चालायची गल्ली, आणि बहुतेक घरांची किचनची खिडकी त्या गल्लीकडे, त्यामुळे कांदा चिरता चिरता मुलं दिसतात. आणखी एक न लिहिलेला नियम सगळीकडे दिसतो, माणूस घराच्या पुढच्या बाजूला बसला असेल तर त्याच्याशी बोलायला जायचं, मागच्या बागेत बसला असेल तर त्याला एकटं सोडायचं. हे लोक फार पाळतात. बिर्केरोडचं त्रूडेसलुंड बघून या, १९८१ चं आहे, ३३ घरं, उतारावर गल्लीच्या दोन्ही बाजूंनी बसवलेली, तिथे गेलं की हे सगळं न सांगता समजतं. यीस्ट्रुप गावच्या वस्तीत तर मधली गल्लीच काचेच्या छताखाली घेतलीय, डिसेंबरच्या आसपास इथे दुपारी चारला अंधार पडतो आणि वारा बोचतो तेव्हा त्या छताची किंमत कळते.

मुलीसाठी काय फरक पडतो ते सांगते. डेन्मार्कमध्ये एरवी दोन मुलांनी एकत्र खेळायचं तरी आईबापांनी कॅलेंडर काढून दोन आठवड्यांनंतरची तारीख ठरवायची असते. लोक वाईट नाहीत, फक्त त्यांची पद्धत तशी आहे, आणि आपल्याला सुरुवातीला ते फार एकटं पाडतं. बोफेलेस्कॅबमध्ये मूल दार उघडून बाहेर जातं आणि खेळायला लागतं, संध्याकाळी कुठल्या घरात आहे ते शोधावं लागतं एवढंच. माझ्या मुलाला डॅनिश भाषा शाळेत जायच्या आधीच शेजारच्या आजोबांनी शिकवली, सायकल दुरुस्त करता करता. आजी-आजोबा हजारो किलोमीटर लांब असताना हे मिळणं किती मोठं आहे हे मी शब्दात सांगू शकत नाही.

आता जेवण, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण सगळं यावरच उभं आहे. आठवड्यातून काही दिवस, कुठे दोन कुठे पाच, फेलेसहूसमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. आधी नाव नोंदवायचं, खर्च जेवणाऱ्यांमध्ये वाटला जातो, मुलांचा कमी. आणि प्रत्येक मोठ्या माणसाची पाळी येते, साधारण महिन्यातून एकदा, दोघा-तिघांच्या टीममध्ये, चाळीस-पन्नास माणसांचा स्वयंपाक, खरेदीपासून शेवटचं पातेलं घासण्यापर्यंत. पाळी नवऱ्याचीही तितकीच येते, इथे बायकोने दोघांची करायची असं चालत नाही, हे तुमच्या यजमानांना आत्ताच सांगून ठेवा. जेवण संध्याकाळी सहाला, आठला नाही. आपल्याला पहिले काही महिने सहा वाजता भूकच नसते, पण मुलीला ही वेळ लगेच आवडेल आणि मग तुम्हालाही सवय होईल.

शाकाहाराचं म्हणाल तर आता बऱ्याच ठिकाणी रोज एक शाकाहारी पदार्थ असतोच, काही वस्त्यांमध्ये तर आठवड्याचे ठराविक दिवस पूर्ण शाकाहारी. पण शाकाहारी म्हणजे अंडं आणि चीज चालतं असं धरून चालतात, त्यामुळे अंडं खात नसाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, कोणी नाक मुरडत नाही. आणि तुमच्या पाळीला बिनधास्त मसूरची आमटी, जिरा भात, काकडीची कोशिंबीर करा, मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत ठेवा. पन्नास माणसांच्या पोळ्यांच्या भानगडीत पडू नका, ओव्हनमध्ये ब्रेड भाजा. मी बघितलंय, नवीन कुटुंब वस्तीत खरं मिसळतं ते या पाळीच्या दिवशी, मीटिंगमध्ये नाही. शेजारी उभं राहून तीन तास गाजर चिरलं की भाषा अर्धी येत असली तरी ओळख पक्की होते.

मीटिंगचं मात्र गोड करून सांगणार नाही. महिन्यातून एकदा तरी सगळ्यांची बैठक, वर वर्षातून काही शनिवार-रविवार श्रमदान, म्हणजे गटार साफ करणं, कुंपण रंगवणं, छत बघणं. निर्णय शक्यतो सगळ्यांच्या संमतीने, त्यामुळे लांबतात. आमच्याकडे कॉमन किचनचा ओव्हन बदलायचा की नाही यावर महिनोन्महिने चर्चा झाली आणि दोन कुटुंबं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, नंतर निवळलं, पण तो हिवाळा कठीण गेला. सगळं डॅनिशमध्ये चालतं. तुमच्यासाठी कोणीतरी शेजारी बसून इंग्रजीत सांगेल, पण कायम नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही. म्हणून पहिल्या वर्षात भाषाशाळेचा वर्ग लावाच, ऑफिसमध्ये इंग्रजी चालतं म्हणून टाळू नका. हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे.

घर मिळण्याचं आता. तीन प्रकार असतात, विकत घेतलेलं, आंडेल म्हणजे सहकारी, आणि भाड्याचं. आंडेलमध्ये तुम्ही संस्थेतला हिस्सा घेता आणि राहायचा हक्क मिळतो, कमाल किंमत कायद्याने बांधलेली असते. भाड्याचे प्रकल्प सार्वजनिक गृहसंस्थांचे असतात, कोय्येजवळचं टिंगगोर्डेन १९७८ चं, तिथपासून ही परंपरा आहे. रोस्किलेजवळच्या मुंक्सोगोरमध्ये तिन्ही प्रकार एकाच गावात आहेत, १०० घरं, २० च्या पाच गटांत, तरुणांचा गट वेगळा, ज्येष्ठांचा वेगळा, प्रत्येक गटाचं स्वतःचं कॉमन हाऊस. रोस्किलेहून ट्रेनने कोपनहेगन अर्ध्या तासाच्या आत, तेव्हा ऑफिस स्टेशनजवळ असेल तर त्या बाजूला जरूर बघा. आल्बर्ट्सलुंडचं लांगे एंग नवीन पिढीचं, ५४ घरं, लहान मुलंवाली कुटुंबं खूप.

सगळीकडे वेटिंग लिस्ट असते. नाव आत्ताच घाला, पण यादीपेक्षा तोंडओळख जास्त कामाला येते. पाहुणे म्हणून जेवायला येऊ का असं मेल करून विचारा, सहसा हो म्हणतात. स्वतःबद्दल साधं पत्र लिहा, काय करता, मुलगी केवढी, काय काम अंगावर घ्यायला आवडेल, पगार-पदव्या लिहू नका. आणि एक चांगला रस्ता म्हणजे कोणी सहा महिने-वर्षभर बाहेर जात असेल तर त्यांचं घर पोटभाड्याने घेणं, त्यात दोन्ही बाजूंना एकमेकांचा अंदाज येतो. विकत घ्यायची घाई करू नका, तात्पुरत्या रेसिडन्स परमिटवर बँका कर्जाला कां-कूं करतात, आणि परदेशी माणसाने घर घेण्यावर कायद्याच्या अटी आहेत, वकील लावूनच पुढे जा.

हल्ली काही बिल्डर मोठ्या बिल्डिंगमध्ये एक छान लाउंज आणि जिम देऊन त्याला पण बोफेलेस्कॅब म्हणतात, भाडं दणदणीत लावतात. तिथे एकच प्रश्न विचारा, इथे आठवड्यातून किती वेळा एकत्र जेवता आणि स्वयंपाक कोण करतं. उत्तर केटरर असं आलं तर तो फ्लॅटच आहे, फ्लॅट म्हणून पसंत असेल तर घ्या.

पहिल्या फ्लॅटसाठी पैशाची तयारी ठेवा, इथे तीन महिन्यांपर्यंत डिपॉझिट आणि शिवाय तीन महिन्यांपर्यंतचं भाडं आगाऊ मागू शकतात. आणि त्या पत्त्यावर सीपीआर नोंदणी, म्हणजे इथल्या सरकारी रहिवासी क्रमांकासाठीची नोंदणी, करता येणार का हे लेखी घ्या, नाही म्हणाले तर कितीही चांगलं घर असो, सोडा. सीपीआर नंबर नसेल तर डॉक्टर, बँक, मुलीचं बालवाडीचं नाव, सगळं अडतं.

आईबाबांचं. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. बहुतेक फेलेसहूसमध्ये गेस्ट रूम असते, आधी बुक करून थोडे पैसे भरून मिळते, पण तीन महिने सलग कोणी देणार नाही, आठवडा-दोन आठवडे ठीक. बाकी दिवस तुमच्याच घरात. पण दिवसा तुम्ही ऑफिसला गेलात तरी ते एकटे बसत नाहीत हा मोठा फायदा, माझी आई इंग्रजी बोलत नाही तरी दुपारी कॉमन किचनमध्ये जाऊन बसायची आणि शेजारणीबरोबर भाजी निवडायची. जून-जुलैत बोलवा, २३ जूनला सांक्त हान्स या इथल्या उन्हाळी सणाची होळी पेटते, सगळी वस्ती बाहेर असते, ओळखी करायला तो दिवस उत्तम.

तुमचं ऑफिस नक्की कुठल्या भागात आहे आणि जॉईनिंग कधी आहे ते कळवा, त्यावरून कुठल्या बाजूच्या वस्त्यांना आधी लिहायचं ते सांगते, आणि पत्राचा मसुदा डॅनिशमध्ये करून हवा असेल तर तोही करून देईन.