ऑस्टिओपॅथकडे पहिल्यांदा जाताना काय अपेक्षा ठेवावी? कपडे काढावे लागतात का, दुखतं का?

कंबरदुखीसाठी ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हातांनी दाबून-ताणून सांधे नि स्नायूंवर उपचार करणाऱ्याकडे, पहिल्यांदाच जाताय, तिथे काय करतात, कपडे काढायला लावतात का आणि दुखतं का, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्याची. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या तोंडावर माळ्यावरून माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) चौकट उतरवताना कमरेत अशी उसण भरली की आरती खुर्चीत बसून केली. सासूबाई तर लाथ मारायला पायाळू माणूस शोधत होत्या! महिन्याभराने मैत्रिणीच्या सांगण्यावरून म्हापशाला एकाकडे गेले.

पहिली भेट तासाभराची, आणि त्यातला अर्धा वेळ नुसते प्रश्न. कधीपासून दुखतं, पायात मुंग्या येतात का, झोप, बाळंतपणं, जुने अपघात. पंधरा वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले होते ते मी विसरूनच गेले होते, ते तिथे आठवलं. जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी, ठिसूळ हाडं, कॅन्सरचा इतिहास, गरोदरपण यातलं काही असेल तर विचारायची वाट न बघता सांगा. काय करायचं नाही, हे त्यावरच ठरतं.

कपड्यांचं म्हणाल तर पाठ बघावी लागते, त्यामुळे काही जण आतल्या कपड्यांवर यायला सांगतात. नको वाटलं तर स्पष्ट नाही म्हणा. मी ढगळ टीशर्ट आणि ट्रॅकपँट घातली होती, नणंदेला आत बसवलं होतं. कुणी हरकत घेतली नाही.

मग उभं करून, वाकवून, पाय उचलायला लावून बघतात, मणक्याच्या बाजूने बोटं फिरवतात. त्यानंतर टेबलावर झोपवून दाबणं, ताणणं, सांधे हळूहळू हलवणं. मला भीती होती ती ‘कडकन’ आवाजाची. पहिल्या दिवशी तो झालाच नाही, पुढच्या वेळी झाला. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे; सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो. मानेला झटका मात्र मी देऊ दिला नाही. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका क्वचित असतो, पण असतो.

त्यांचं शिक्षण विचारायला लाजू नका. ही पद्धत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये अमेरिकेत मांडली. तिथला आजचा डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) हा औषधं लिहून देणारा, शस्त्रक्रिया करू शकणारा पूर्ण डॉक्टर असतो. आपल्याकडे पाटीवर ऑस्टिओपॅथ लिहिलेला माणूस बऱ्याचदा फिजिओथेरपिस्ट असतो, वर जादा कोर्स केलेला. कंबरदुखीत काहींना उपयोग होतो, तेवढं मी मानते. दमा नि बाळाचं रडणंही बरं करतो म्हणाला, तर मी उठून येईन.

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघांत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं किंवा ताप यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा.

घरी आल्यावर दोन दिवस अंग ठणकलं, जत्रेत रात्रभर उभं राहिल्यासारखं. स्कूटर नेऊ नका. मी कदंबा बसने परतले. आणि पहिल्याच दिवशी दहा भेटींचे पैसे भरू नका. मला तीन पुरल्या, बाकी घरचे व्यायाम.