चाळिशीनंतर, घरसंसार सांभाळून पहिली मॅरेथॉन जमेल का?

तुम्ही विचारलंय: वय ४३, लातूरला नोकरी, दोन लेकरं, घरात आई-वडील, रोज पाच-सहा किलोमीटर पळणं होतं. येत्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन जमेल का? आणि बायको ‘वेड लागलंय’ म्हणते, तिला काय सांगू?

जमेल. पण दुसरा प्रश्न आधी सोडवा. मी हा क्रम उलटा करायला गेलो आणि एक अख्खं वर्ष घालवलं.

मी परभणीचा, कृषी सेवा केंद्राचं दुकान आहे. २०२४ च्या जानेवारीत, पंचेचाळिसाव्या वर्षी, मुंबईत ४२.१९५ किलोमीटर पळालो. वेळ ५ तास ४८ मिनिटं. आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळे या ऑलिम्पिक धावपटूने २०२० मध्ये दिल्लीत अर्धी मॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत संपवली होती. तेवढ्यात माझे सव्वासात किलोमीटर होतात. म्हणजे सल्ला कुणाचा घेताय ते ध्यानात असू द्या.

त्याआधीच्या वर्षी घरी नीट काही न सांगता सुरुवात केली होती. आमच्या गल्लीत नळ सात-आठ दिवसांनी येतो. एका रविवारी तो पहाटे पाचला आला. मी वसमत रोडवर, मोबाईल घरी चार्जिंगला. आईचे गुडघे दुखतात, पोरं झोपलेली. बायकोने एकटीने मोटार लावली, पाइप वर चढवला, हंडे भरले. मी साडेआठला घामाने निथळत, खुशीत घरी. अंघोळीला मोजून एक बादली मिळाली. कुणी काही बोललं नाही, तेच वाईट होतं. त्यात तीन आठवड्यांत दहावरून एकवीस किलोमीटरवर उडी मारलेली. नडगी धरली आणि दोन महिने पळणंच बंद. घरात कुणाला फारसं दुःख झालं नाही.

दुसऱ्या वर्षी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दोघं बसलो. जून-जुलै बी-बियाण्याची गर्दी, तेव्हा पळण्याचं नाव नाही. ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत बावीस आठवडे निघतात. त्यावर लेकीच्या दहावीच्या चाचण्या, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची नात्यातली लग्नं, सगळं लिहिलं. ठरलं ते असं: रविवारी साडेआठपर्यंतचा वेळ माझा. त्यानंतर बाजार, नाश्ता, पोरांचा अभ्यास माझ्याकडे, आणि पळून आल्यावर लोळायचं नाही. नळाचा अंदाज असेल त्या दिवशी लांब पळणं सोमवारी, दुकान उशिरा उघडून. खरं सांगतो, चोवीस किलोमीटर पळून आल्यावर न लोळणं हे पळण्यापेक्षा अवघड आहे.

सराव साधा होता. आठवड्यात चार दिवस: दोनदा सहा-आठ किलोमीटर, एकदा दहा-बारा, रविवारी लांब. रविवारचं बारापासून हळूहळू वाढवत डिसेंबरच्या शेवटी बत्तीसवर नेलं. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी. बत्तीसच्या पुढं सरावात जाऊ नका, भरून निघायला वेळ लागतो. शेवटचे तीन आठवडे पळणं उतरवत न्यायचं. वेग एवढाच, की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आम्हा चाळिशीवाल्यांची चूक इथंच होते, कुणी पुढं गेलं की पाय आपोआप उचलतात. आणि हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, बीपी, शुगर बघून घ्या. यात कंजुषी नको.

मी कृषी विद्यापीठाच्या आवारात पळायचो, पहाटे तिथं पोलीस भरतीची पोरं-पोरी असतात. पोरं सोळाशे मीटर मारणार, पोरी आठशे, बाकी कशाशी देणंघेणं नाही. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, “काका, कोणत्या भरतीची तयारी करायलाव?” पुढं एका पोरीने मागून पळत येऊन सांगितलं, “काका, टाच लई आपटायलाव, पाऊल जवळ टाका.” तिचं ऐकलं आणि गुडघ्याची कुरकुर बरीच कमी झाली. पैसे देऊन घेतलेल्या ॲपने हे कधी सांगितलं नव्हतं.

खाण्यापिण्याकडे नीट लक्ष द्या, माझे जास्त हाल तिथंच झाले. अंगातला साखरेचा साठा साधारण तिसाव्या किलोमीटरला संपत येतो आणि पाय शिशाचे होतात. म्हणून भूक लागायची वाट न बघता पहिल्या तासापासूनच दर पाऊण तासाला अर्धं केळं किंवा चिक्कीचा तुकडा. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ उतरतं. लिंबू-मीठ-साखरेची बाटली ठेवा. ऑक्टोबर हीटमध्ये मी चारला निघायचो आणि ही बाटली आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या ओळखीच्या टपरीवर ठेवून यायचो. शनिवारी रात्री वरण-भात. भाकरी, ठेचा, काळ्या मसाल्याची आमटी रविवारी दुपारी खा. डिसेंबरात एकदा शनिवारी शेतावर हुरड्याला गेलो आणि दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस किलोमीटरचं ठरलेलं होतं. वर्णन करत नाही. वसमत रोडला दोन्ही बाजूंनी तुरी होत्या म्हणून निभावलं.

मुंबईच्या मॅरेथॉनचा छातीवर लावायचा नंबर आधी स्वतः जाऊन घ्यावा लागतो, पळायच्या दिवशी मिळत नाही. म्हणून शुक्रवारी रात्री देवगिरी पकडली, शनिवारी वांद्र्याला बीकेसीत जाऊन नंबर घेतला, दुपारी झोपलो. दिवस संक्रांतीच्या आठवड्यातलाच असतो, आईने तिळगुळाचा डबा दिला होता, तो पंधराव्या किलोमीटरनंतर उपयोगी पडला. एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती: परभणीत आपण एक आकडी थंडीत, कोरड्या हवेत सराव केलेला असतो, मुंबईत पहाटेसुद्धा घाम अंगावर तसाच राहतो, वाळत नाही. पहिले दहा किलोमीटर सरावापेक्षाही हळू जा. मी गेलो नाही. सी-लिंकवर छान वाटत होतं. परतीला पेडर रोडचा चढ पस्तीसच्या आसपास आला, तिथं पायांनी सरळ नाही म्हटलं आणि मी चढ चालत काढला. एक बाई गॅलरीतून टाळ्या वाजवत होत्या, त्यांच्यासाठी दहा पावलं पळून दाखवली.

तर बायकोला काय सांगायचं? पटवायला जाऊ नका. तिचे कोणते तास तुम्ही घेणार आणि बदल्यात कोणते देणार, एवढंच कागदावर लिहून तिच्यापुढं ठेवा. ती खाडाखोड करेल, करू द्या. माझ्या कागदावर तिने खाली एक ओळ वाढवली होती: ‘पुढच्या वेळी माझी पाळी.’ सध्या ती मुक्त विद्यापीठातून एम.ए. करतेय, रविवारी तिचे वर्ग असतात. नळ मी भरतो, आणि पळणं एकविसावर थांबलंय.