परसू आणि तळी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा, आमच्या घरामागे १० बाय १२ फुटांचं खळं (अंगण) आहे, सिमेंट केलेलं. आता जागोजागी फुटलंय आणि पावसात असं शेवाळ धरतं की सासूबाई दोनदा घसरल्या. बाजूला साळकं (कमळासारखी पाण्यातली फुलं) लावायला बांधलेली ६ बाय ४ ची, २ फूट खोल टाकी आहे, तिच्यात पाणी टिकत नाही. मिस्त्री म्हणतो सगळं उकरून टाइल्स घालूया, ७० हजार होतील. आमच्याकडे १५ आहेत. काय करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: ताई, आधी मिस्त्रीला चहा पाजून घरी पाठवा. गुळगुळीत टाइल्स घातल्यात तर सासूबाई तिसऱ्यांदा घसरणार, आणि खाली पाणी साचत असेल तर वर काहीही घाला, दोन पावसाळ्यांत हलायला लागेल. गोव्यात जून ते सप्टेंबर जो धो धो पडतो ना, तोच ठरवतो तुमचं खळं राहणार की जाणार.

एक बादली पाणी मध्यावर ओता आणि बघत बसा. ते घराच्या भिंतीकडे गेलं किंवा तिथंच थांबलं तर दोष उताराचा. १० फुटाला सव्वा ते दीड इंच उतार पुरतो, पण तो परसाकडे हवा. फुटलेला भाग तेवढाच काढा, खाली जांभ्या दगडाची बारीक खडी धुम्मसाने (जमीन ठोकायच्या जड ठोकळ्याने) चांगली ठोका आणि वर चिरे, म्हणजे जांभ्याचे घडीव ठोकळे बसवा. कोणाचं तरी जुनं घर पाडतायत का बघा, तिथले चिरे बरेचदा स्वस्तात मिळतात, आणि फुटकी मंगळुरी कौलंही मागून आणा, कडेला उभी रोवली की झकास बॉर्डर होते. चिऱ्यांच्या फटीत सिमेंट भरू नका, बारीक खडी भरा, पाणी खाली जिरतं. शेवाळासाठी मे महिन्यात एकदा आणि पावसात उघडीप मिळाली की परत, तारेच्या ब्रशने घासायचं, दुसरा शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही. ब्लीचिंग पावडर टाकीजवळ अजिबात नको, मासे मरतात.

आता टाकी. ती खरंच गळते की ऊन पाणी पितंय हे आधी बघा. त्यात विटांवर एक बादली ठेवा, बादलीत पाणी टाकीइतक्याच पातळीला भरा, दोन्हीकडे खूण करा आणि २४ तासांनी बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर गळती नाहीच. टाकीतलं जास्त उतरलं तर गळतेय, मग परत भरू नका, उतरू द्या, जिथं येऊन थांबेल त्या रेषेवरच भेग शोधायची. हा खेळ फुकटचा आहे आणि मी लोकांना हजारो रुपयांचं प्लास्टर उगाच फोडताना बघितलंय म्हणून एवढं सांगतोय. भेग सापडली की छिन्नीने रुंद करून एकास तीन सिमेंट-रेतीत वॉटरप्रूफिंग पावडर घालून भरा, वर घोटाई, आणि आठ दिवस ओलं ठेवा. भेगाच भेगा असतील तर मात्र शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा. साधी ताडपत्री नको, ती उन्हात लवकर फाटते.

नवीन सिमेंट पाण्यात चुना सोडतं, म्हणून टाकी भरून आठवडाभर ठेवा, उपसा, असं दोन-तीनदा करा. केळीचे गाभेही टाकतात आमच्याकडे. नळाचं पाणी असेल तर दोन दिवस उघडं ठेवून मगच मासे सोडा. तुमची टाकी काठोकाठ भरली तर साधारण १,३५० लिटर बसतं, म्हणजे मासे डझनभर पुरे. साळकाचा कांदा मातीच्या कुंडीत लावा, वर खडी, आणि कुंडी टाकीच्या अशा कडेला ठेवा जिथं चार-पाच तास ऊन येतं. फणसाखाली टाकी असेल तर पानं काढायची तयारी ठेवा, कुजली की पाणी काळं पडतं आणि वास येतो. घरात लहान पोर असेल तर टाकीवर लोखंडी जाळी घालायचीच, ह्यात काटकसर नको.

प्रश्न: तळं केलं की डास होणार असं सगळे म्हणतात. गप्पी मासे सोडले तर झालं ना?
– एक वाचक, पेडणे

उत्तर: झालं, पण अर्धंच. गप्पी डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण कडेला दाट गवत वाढलं की तिथं त्यांना शिरता येत नाही, म्हणून कडा मोकळ्या ठेवा. डासाची अळी मोठी व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा मासे नसलेल्या कुंड्या आणि बशा आठवड्याला रिकाम्या केल्या तरी निम्मं काम होतं. आणि पावसात तळं भरून वाहतं तिथं पाईपला बारीक जाळी लावा. गप्पी व्हाळात (ओढ्यात) गेले की तिथल्या माशांचं पोट मारतात.

प्रश्न: चिरे बसवायला किनाऱ्यावरची रेती आणली तर? फुकट मिळते.
– एक वाचक, काणकोण

उत्तर: नको बाबा. त्यात मीठ असतं आणि किनाऱ्यावरून रेती उचलायला बंदीसुद्धा आहे. जांभ्याची बारीक भुकटी वापरा, ती तुमच्या अंगणातच पडलेली असेल.