गल्ल्यावर मागितला जाणारा मोबाइल नंबर

प्रश्न : मॉलमध्ये बिल करताना मोबाइल नंबर मागतात. मी नकार दिला की काउंटरवरची मुलगी अडून बसते, मागची रांग खोळंबते आणि माझा आवाज चढतो. अशा वेळी काय करावे?

उत्तर : नंबर न देण्याचा आपल्याला अधिकार आहे, नंबरासाठी ग्राहकाला आग्रह करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना बजावले आहे. मात्र नंबर मागण्याचा दुकानाचा नियम त्या मुलीने केलेला नसतो, आणि पुष्कळदा समोरच्या पडद्यावरचा रकाना भरल्याशिवाय तिला बिल पुढे नेता येत नाही. शिवाय ती तासन्‌तास उभी असते. दुकानातील कर्मचाऱ्यांना बसायला आसन मिळावे म्हणून केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायदा बदलावा लागला, यावरून या कामाचे कष्ट ध्यानात यावेत. म्हणून सामान पट्ट्यावर ठेवतानाच, “ताई, नंबर देणार नाही, छापील बिल द्या,” असे शांतपणे सांगावे. तरीही अडवणूक झाली, तर व्यवस्थापकांना बोलवावे. तिथेही दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दुकानाविरुद्ध तक्रार नोंदवावी. त्या मुलीवर मात्र आवाज चढवू नये.