दुकानात लखलखणारा हिरा घरी आल्यावर मलूल का दिसतो? खडा बदलला असेल का?

तुम्ही लिहिलंय की दुकानात डोळे दिपवणारा हिरा घरच्या दिवाणखान्यात मलूल आणि किंचित पिवळा दिसतोय, आणि "घरातले म्हणतात खडा बदलला". एरवी असे प्रश्न मी वाचून सोडून देते. पण त्या "घरातले म्हणतात"पाशी अडकले. हे वाक्य मी माझ्याबद्दल ऐकलंय.

आईची अंगठी होती. पिवळ्या सोन्यात एकच गोल हिरा, पाऊण कॅरटाच्या जरा आत. आईने ती ताईला दिली. ताईला ती पांढऱ्या धातूत हवी होती, म्हणून प्लॅटिनमचं नवं कोंदण करायचं ठरलं. तिला वेळ नव्हता, नेणं-आणणं मी केलं. आठवड्याने एका संध्याकाळी अंगठी घेऊन तिच्या घरी गेले. घराचं काम नुकतंच झालं होतं, छतभर दुधी झाकणांचे एलईडी, तेही पिवळसर उजेडाचे. ताईने अंगठी घातली, हात लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला. बोलली काहीच नाही. दाजींनी तिचा हात पुढे घेऊन पाहिला आणि म्हणाले, "हा तो हिरा नव्हे." आणि मग माझ्याकडे न बघता, "मधल्या काळात कुणाकुणाच्या हातात होता?"

माझ्या आणि कारागिराच्या. दुसरं कोण असणार? आई समोरच बसली होती. तीही गप्प राहिली, आणि ते मला दाजींच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दाजींचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: खरा हिरा कुठेही ठेवा, सारखाच चमकतो, अंधारातसुद्धा चमकतो. हे साफ चूक आहे. हिऱ्याला स्वतःचा उजेड नसतो. तो आरशांचा पुंजका आहे. गोल हिऱ्याला ५७-५८ पैलू असतात आणि प्रत्येक पैलू तुम्हाला खोलीचा एकेक तुकडा दाखवतो. खोलीत जे आहे तेच तो दाखवणार. दुकानात डोक्यावर बारीक, तीव्र दिवे असतात आणि मध्ये अंधाऱ्या जागा. पैलूत दिवा आला की ठिणगी, अंधारी जागा आली की काळोख, आणि हात हलला की दोन्ही जागा बदलतात. लखलखाट म्हणतो तो एवढाच. दुधी झाकणाखालच्या एलईडीत सगळं छतच सारखं पांढरं. मग ठिणगी कशाच्या तुलनेत दिसणार? रंगांचंही तेच. हिरा प्रकाशाचे रंग फोडतो, पण चहूबाजूंनी प्रकाश आला की एकाचा तांबडा दुसऱ्याच्या निळ्यावर पडतो आणि हाती उरतं पांढरं. एकाच छोट्या दिव्याखाली हिरा हातभर लांब धरून बघा, तानापिहिनिपाजा एकेक करून डोळ्यात येतील. जुन्या हिऱ्यांचे मोठे पैलू मेणबत्तीच्या उजेडात खुलतात ते म्हणूनच.

आणखी एक गंमत मला नंतर कळली. भर उन्हात चांगला हिरा अनेकदा काळपट दिसतो. ऊन इतकं तीव्र की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, थोड्या झगझगीत ठिणग्या दिसतात आणि बाकीचा खडा अंधारात जातो. त्याच उन्हात झाडाखाली, पानांच्या कवडशात उभे राहा, तोच खडा पेटल्यासारखा दिसतो. आणि हिऱ्यावर वाकून बघू नका. तुमचंच डोकं त्याचा उजेड अडवतं.

आता पिवळेपणा. इथे माझं प्रकरण खरं अडकलं होतं.

आईच्या हिऱ्याचा जुना रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेने तपासून दिलेला प्रतवारीचा कागद, कपाटात सापडला. त्यात रंग 'के' लिहिला होता. डी ते झेड अशी ही प्रतवारी असते, डी म्हणजे रंगहीन, पुढे पिवळेपणा वाढत जातो. के म्हणजे हलकी पिवळी झाक असलेला खडा. आईने आयुष्यभर तो पिवळ्या सोन्यात घातला, त्या सोन्याशेजारी झाक कुणाला कळणार? प्लॅटिनममध्ये बसवल्यावर शेजारी शुभ्र धातू आला आणि होती तीच झाक उघडी पडली. शिवाय त्याच रिपोर्टात फ्लुरोसन्स तीव्र, निळा असं लिहिलं होतं. असा हिरा अतिनील किरणांत निळा चमकतो. दिवसाच्या उजेडात अतिनील किरण असतात, खडा किंचित निळा प्रकाश देतो आणि ती निळाई पिवळ्या झाकेला खोडते. आई खिडकीपाशी बसून शिवणकाम करायची, तिचा हिरा आम्ही सगळ्यांनी त्या उजेडातच पाहिलेला. घरगुती एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतातच. ताईच्या छताखाली निळाई गेली, ठिणग्या गेल्या, पिवळा दिवा वरून आला आणि पांढरा धातू बाजूला. दाजींना जे दिसलं ते खरंच दिसलं. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता.

मी ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मिळवली आणि ताईकडे खोली अंधारी करून लावली. खडा आकाशी निळा झाला. ताई रडली. दाजी म्हणाले, "निळा तर काहीही चमकेल." यात त्यांचं थोडं बरोबर आहे, तेही सांगते. साधारण २५ ते ३५ टक्के हिरे कमी-अधिक चमकतात, आणि दुसरेही काही खडे चमकतात. तुमचा चमकला नाही तर तो खोटा ठरत नाही आणि चमकला म्हणून तोच ठरत नाही. म्हणून मी अंगठी एका रत्नपरीक्षकाकडे नेली. आमच्या रिपोर्टावर खड्याच्या आतल्या खुणांचा नकाशा होता. कडेपाशी पिसासारखी एक चीर आणि मधोमध एकमेकांजवळ दोन ठिपके. दहापट भिंगाखाली तिन्ही जिथल्या तिथे होत्या, व्यासही जुळला. त्यांनी तसं लिहून दिलं. तो कागद मी ताईकडे दिला आहे.

तुम्हाला माझं सांगणं: उद्या सकाळी, ऊन थेट येत नाही अशा खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर अंगठी ठेवून बघा. मग एकट्या छोट्या दिव्याखाली. तिथे खडा जिवंत वाटला तर दोष तुमच्या दिवाणखान्याचा. त्याआधी मात्र कोमट पाण्यात साधा साबण घालून मऊ ब्रशने खड्याची खालची बाजू नीट घासा, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. हिऱ्याला तेल-चरबी पटकन चिकटते. हवेत हिऱ्याचा क्रांतिक कोन साधारण २४ अंश असतो, म्हणजे आतून त्याहून तिरका आलेला प्रकाश बाहेर न पडता आतच परततो, म्हणून खालून बहुतेक प्रकाश परत वर येतो. खाली तेलाचा थर बसला की तो कोन ३८ अंशांच्या आसपास जातो आणि बराचसा प्रकाश खालूनच निसटतो. क्रीम लावलेल्या हातांनी चार दिवस घातलेली अंगठी कुठल्याच दिव्याखाली चमकणार नाही.

आणि हो, खिडकीपाशीही मेलेला दिसला तर पैलूच वाईट पाडलेले असू शकतात. ते दुकानातल्या दिव्यांखाली सहज लपतं, म्हणून घेताना खडा त्या दिव्यांपासून बाजूला नेऊन बघायला हवा होता. सगळेच तीव्र फ्लुरोसन्सचे हिरे दिवसा पांढरे दिसतात असंही नाही, पुष्कळदा डोळ्यांना फरक कळतही नाही. माझ्या आईच्या खड्यात तो कळत होता. खडे बदलले जातात हेही खरं आहे, म्हणून अंगठी कुठेही देण्याआधी खुणांचा नकाशा, माप आणि फोटो जपून ठेवा. मी ते आधी काढून हाताशी ठेवले नव्हते. ठेवले असते तर त्या संध्याकाळी कागद टेबलावर ठेवून निघून आले असते.

पण संशय बोलून दाखवायच्या आधी सकाळ होऊ द्या. अंगठी ज्याने आणली, त्याचं नाव घेऊन बोललेलं मागे घेता येत नाही. दाजींनी आजवर "माझं चुकलं" म्हटलेलं नाही. हे उत्तर मी ताईला पाठवते आहे. तिने ते त्यांना वाचून दाखवावं.